गाळावरचा होकार

आमच्या गावात परका माणूस आला आणि त्यानं काही विचारलं, तर उत्तर देण्याआधी लोक त्याच्या पायांकडं बघतात. चपलांना गाळ लागलेला असेल तर तो पाण्यापर्यंत जाऊन आलेला आहे. बूट कोरडे असतील तर अजून गेलेला नाही, म्हणजे जाणार आहे. दोन्ही वाईटच. मग उत्तर मिळतं, पण कसं?

"पाणी किती खोल आहे हो इथं?"

"उतरल्यावर कळंल की."

"इकडं जमिनीला काय भाव चाललाय?"

"कुणाच्या?"

"कुणाच्याही."

"मंग जावा की, कुणालाबी इचारा."

विचारणारा हसतो. त्याला वाटतं, गावाकडची माणसं विनोदी असतात. विनोद वगैरे काही नसतो. त्याला तिथून घालवायचं असतं, एवढंच.

भोरवरून एसटी निघाली की धरणाच्या कडेकडेनं वळणं घेत ती आमच्या गावात येते. गाव म्हणावं तर दवाखाना, हायस्कूल, पतपेढी, आठवड्याचा बाजार, सगळं आहे. आसपासच्या वाड्यांना आम्ही शहरच वाटतो. शहर म्हणावं तर दुपारी दोन वाजता स्टँडवर कुत्र्याशिवाय कुणी नसतं. पावसाळा संपता संपता पाणी हायस्कूलच्या मैदानाला टेकतं, आणि उन्हाळ्यात इतकं मागं हटतं की मैदानावरून बघितलं तर पाण्याची नुसती चकाकी दिसते. जाणाऱ्या-येणाऱ्याला फक्त भरलेलं पाणी आवडतं. मागं हटलेल्या पाण्याचा कुणी फोटो काढत नाही. आमचं गाव मात्र जगतं ते हटलेल्या पाण्यावर.

आई पासलीची. भाताच्या खाचरांतून आलेली, मोकळ्या बोलण्याची. ती सांगायची, लग्नानंतर पाण्यावर गेली तेव्हा बायकांनी तिला विचारलं, "तुझ्या म्हायारी कोण कोण पुण्याला हाय?" तिनं भाबडेपणानं सगळं सांगितलं. मग तिनं उलट विचारलं, "अन् तुमचं?" तर सगळ्या बायका एकदम कपडे आपटायला लागल्या. ती म्हणायची, "पासलीत चोराला बी च्या पाजत्यात. हितं पाव्हण्याला बी चोर समजत्यात."

गाव असं का झालं, ते मला आबांनी सांगितलं. आबा म्हणजे माझे वडील. आमचं जुनं गाव आता पाण्याखाली आहे. इंग्रजांच्या काळात धरणाची मोजणी करायला साहेब आले, तेव्हा म्हणे गावानं त्यांना दूध दिलं, सावलीला घोंगडी घातली, आणि ते विचारतील ते सगळं खरं खरं सांगितलं. नदीला पूर कुठवर येतो, चांगली माती कुठं आहे, कुणाची हद्द कुठं संपते. साहेबांनी दगड रोवले. लोकांना वाटलं, सरकार रस्ता करतंय. पुढं पाणी आलं ते बरोबर त्या दगडांपर्यंत आलं.

"तवापास्नं," आबा म्हणायचे, "आपल्यात कुणी खरं सांगत न्हाई."

हे सांगताना त्यांच्या तोंडावर दुःख नसायचं. उलट थोडी ऐटच असायची.

उन्हाळ्याच्या तोंडाला पाणी उतरलं की जुन्या गावाची जमीन उघडी पडते. तिच्यावर काळाभोर मऊ गाळ असतो. त्या गाळात पेरलं की खत लागत नाही, फारसं पाणी लागत नाही, भुईमूग असा धरतो की डोंगराकडच्या जमिनीनं लाजावं. अट एकच, पावसाचं पाणी परत चढायच्या आत पीक घरात यायला हवं. कागदावर ही जमीन सरकारची. कसतो आम्ही. कुणी किती कसायचं आणि कुठं कसायचं, हे कुठंच लिहिलेलं नाही. जुन्या चावडीचा एक मोठा दगड गाळात आहे. सगळ्या पट्ट्या त्या दगडापासून धरलेल्या. पण दगड वर दिसत नाही. तो कुठं आहे हे जुन्या माणसांना डोंगरातली खिंड आणि काठावरचं झाड एका रेषेत धरून कळतं. ही रेषा बाप मुलाला दाखवतो, ती पण गाळात उभं करून. घरात बसून सांगत नाहीत.

आणि एक दिवस असतो, त्याला आमच्याकडं 'उभं राहणं' म्हणतात. पाणी पुरेसं हटलं की म्हातारी माणसं दिवस ठरवतात. प्रत्येक घरचा कर्ता आपल्या पट्टीवर जाऊन उभा राहतो आणि मोठ्यानं विचारतो, "हितं माजं?" दोन्ही बाजूच्या शेजाऱ्यांनी म्हणायचं, "व्हय." झालं. त्या वर्षापुरती पट्टी त्याची. दोघांपैकी एकजण जरी गप्प राहिला, तर त्या वर्षी त्यानं पेरायचं नाही. भांडायचं नाही, कारण विचारायचं नाही. माझ्या लहानपणी मी कधी कुणाला गप्प राहिलेलं बघितलं नव्हतं. सगळे "व्हय, व्हय" म्हणत पुढं सरकायचे आणि नंतर गूळ-शेंगदाणे वाटायचे. मला तो एक खेळ वाटायचा.

आमच्या पट्टीच्या एका बाजूला काकी होती. नात्यानं कुणी नाही, पण अख्खा गाव तिला काकीच म्हणायचा. नवरा गेल्यावर एकटीनं गाळ कसणारी, आवाज असा की पलीकडच्या काठावरचा नावाडी दचकावा. दुसऱ्या बाजूला शेठ. शेठ म्हणजे स्टँडवरचा चहाचा हॉटेलवाला. दोन बाकडी आणि एक स्टोव्ह एवढ्या भांडवलावर गावानं त्याला शेठ केलं होतं. बाप लवकर गेल्यामुळं दगडाची रेषा त्याला कुणी दाखवलेली नव्हती. त्याच्या पलीकडं चाचा. एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त झालेले. त्यांचे पूर्वज पण त्याच बुडालेल्या गावातले. काकी, आम्ही, शेठ, चाचा, अशी ओळीनं चार पट्ट्या. हे एवढं लक्षात ठेवलं म्हणजे पुढचं कळेल.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. आमच्या आधी कुणी दहावीची पायरी चढलेलं नाही. भोरच्या कॉलेजातून बी.ए. झालो, इतिहास घेऊन, आणि हे मी आजही छाती काढून सांगतो. निकालाच्या दिवशी आबांनी एसटीच्या कंडक्टरला पेढा दिला आणि अर्धं तिकीट मागितलं. त्यानं दिलं नाही. पुढं मी गावातल्याच शाळेत लागलो. शाळा विनाअनुदानित, पगार कधी व्हायचा कधी नाही, पण सही 'बी.ए.' लावून करायचो.

मला वाटलं, पुण्यातली माणसं पुण्याचा इतिहास लिहितात, तर आपल्या गावाचा कुणी लिहायचा? आपणच. म्हणून मी म्हाताऱ्या माणसांकडं जाऊन बसायला लागलो. वही न्यायचो नाही. वही दिसली की आमच्याकडं तोंडं मिटतात. नुसतं बसायचं, तंबाखू मळून द्यायची आणि विचारायचं, जुनं गाव कसं होतं, बाजार कुठं भरायचा, चावडी कुठं होती.

आणि आश्चर्य म्हणजे सगळे सांगायला लागले. काकीनं तर मला ओसरीवर बसवून चहा केला.

"चावडीचा दगड व्हय? आरं, काठावर ती दोन आंब्याची झाडं हायत ना? त्येंच्या मधोमध खाली बग. थितंच."

"नक्की काकी?"

"म्या काय पेपर तपासतीया व्हय तुजा? नक्की म्हंजे नक्की."

मी खूश होऊन घरी आलो. आबांना सांगितलं. आबांनी माझ्याकडं बघितलं आणि भाकरीचा तुकडा मोडला. त्यांनी मला ती रेषा कधी दाखवलेली नव्हती. मी दहावीनंतर भोरला होस्टेलवर होतो, उन्हाळ्यात परीक्षा असायच्या. राहून गेलं होतं.

दोन हजार सालाच्या पुढं-मागं पुण्याकडून गाड्या यायला लागल्या. आधी पालीकडं गड चढायला जाणारी पोरं वाट चुकून यायची, ती निरुपद्रवी. त्यांच्या पाठीवर पिशव्या, तोंडावर थकवा. ही नवी माणसं वेगळी होती. इस्त्रीचे कपडे, गळ्यात सोन्याची साखळी, हातात मोबाईल, आणि आमच्याकडं रेंज फक्त शाळेच्या गच्चीवर, म्हणून ही माणसं शाळेत यायची आणि गच्चीवर जाऊन "हॅलो, हॅलो" करायची. त्यांच्यातला एकजण, पांढऱ्या सुमोवाला, सारखा येऊ लागला. त्याच्या मागं पुण्यातले कुणी बंगलेवाले होते. काठावरची जमीन घ्यायची, आणि तिच्या खालचा उतार पाण्यापर्यंत आपलाच म्हणून कुंपणात घ्यायचा, असा त्याचा बेत. एक गोष्ट आड येत होती. गावाची जुनी पाणंद, म्हणजे बैलगाड्यांची वाट, त्याच उतारावरून खाली जायची. ती गावाची, ती कुणाला अडवता येत नाही. पण ती नेमकी कुठून जाते, हे चावडीच्या दगडापासून मोजल्याशिवाय कळणार नव्हतं. दगड गाळात. म्हणून तो माणूस स्टँडवर बसून लोकांना विचारायचा, "काका, मला इतिहासाची फार आवड आहे. जुनं गाव कसं होतं? चावडी कुठं होती?"

म्हणजे मी जे विचारत होतो, अगदी तेच.

हे माझ्या डोक्यात आलं नाही. गावाच्या डोक्यात लगेच आलं.

एकदा भोरला शाळेच्या कामाला गेलो होतो. परतीची एसटी चुकली. मी रस्त्याला उभा, तर ती पांढरी सुमो थांबली. "मास्तर, चला की, तिकडंच चाललोय." मी बसलो. यात मी काही गैर केलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. एसटी चुकल्यावर माणसानं काय चालत यायचं? रस्ताभर त्यानं मला खूप विचारलं आणि मी रस्ताभर खिडकीतून बाहेर बघितलं. आमच्या गावचा आहे मी, मला कुणी शिकवायला नको. पण सुमो थांबली ती शेठच्या हॉटेलासमोर, आणि मी पुढच्या सीटवरून उतरलो. बाकड्यावर चार माणसं होती. चौघांनीही माझ्या चपलांकडं बघितलं.

पुढच्या आठवड्यात उतारावर चुन्याच्या रेघा उमटल्या.

रात्रीतून नाही, भर दुपारी. सुमोवाल्यानं दोन माणसं आणली आणि त्यांनी उताराच्या पार कडेला, नाल्याच्या तोंडापासून चुना ओढत वरपर्यंत नेला. म्हणजे त्याला कुणीतरी दगड सांगितला होता, आणि आंब्यांपासून मोजत तो तिथवर आला असेल, असं मला वाटलं. कुणी?

त्या दिवसापासून माझ्याशी लोक गोड बोलायला लागले. जो मला "काय बीए, मिळाला का पगार?" म्हणून डिवचायचा, तो "नमस्कार सर" म्हणायला लागला. काकीनं मला बाजारात बघून डोक्यावरचा पदर सावरला. मी चाचांच्या दारावरून गेलो तर त्यांनी खुर्ची टाकली आणि पुसली. मला घाम फुटला. आमच्याकडं अशी वागणूक फक्त मोजणीदाराला मिळते.

आई घरी म्हणाली, "कुणाच्या गाडीत बसला हुतास रं?"

"एसटी चुकली होती."

"मंग मागं बसायचं."

आबा ओसरीवर दोर वळत होते. मान वर न करता म्हणाले, "उभं ऱ्हायचा दिस जवळ आलाय. काकी न् शेठ, दोघांनी व्हय म्हणाय पायजे."

"म्हणतील की. का नाही म्हणणार?"

"तू बीए हायस. तूच सांग."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हा खेळ नाही. त्या पट्टीतला भुईमूग म्हणजे आमचं वर्षाचं तेल, बैलांचा पाला, आणि माझ्या पगाराच्या नावानं बोंब असल्यामुळं, बरंच काही. ती पट्टी गेली तर आबा शेजाऱ्याच्या गाळात मजुरीला जाणार होते. आणि ती माझ्यामुळं जाणार होती, मी काही न करता.

मग मी पण संशय घ्यायला लागलो. दगड कुणी सांगितला? शेठनं? सुमो त्याच्याच दारात उभी असायची. पण सुमो उभी राहणार तरी कुठं, स्टँडवर दुसरं हॉटेलच नव्हतं. चाचांनी? त्यांचा पुतण्या हायवेला टेम्पो चालवायचा, पुण्याच्या माणसांत त्याची ऊठबस. काकीनं? ती मला इतक्या सहज का बोलली होती? एके संध्याकाळी शाळेच्या गच्चीवरून बघितलं तर खाली रस्त्यावर आबा आणि तो सुमोवाला. सुमोवाला हात हलवून काही सांगत होता, आबा मान डोलवत होते. घरी आल्यावर मी विचारलं.

"काय म्हणत होता तो?"

"वाट इचारत हुता."

"कुठली?"

"भोंगवलीची."

भोंगवली त्या माणसाला कशाला हवी होती? ती तर पार दुसऱ्या अंगाला, हायवेच्या बाजूला. मी आबांकडं बघत राहिलो. त्यांनी कंदिलाची काच पुसायला घेतली, लाईट असताना. एक रात्रभर मी माझ्या बापावर संशय घेतला, हे लिहायला मला संकोच नाही. गावात राहणाऱ्याला ते चुकत नाही.

उभं राहायच्या दिवशी सकाळी सगळे खाली उतरलो. गाळ वरून सुकून फुटलेला, आतून ओला. पाय टाकला की पोटरीपर्यंत गार. पाण्याच्या कडेला बगळे. आबा आमच्या पट्टीवर उभे राहिले, डोंगराच्या खिंडीकडं बघत एक पाऊल डावीकडं सरकले, आणि म्हणाले, "हितं माजं?"

शेठ लगेच म्हणाला, "व्हय, व्हय, तुमचंच की." त्याच्या हातात बियाण्याची पिशवी होती. फोडून, निवडून आणलेले शेंगदाणे.

काकी बोलली नाही.

आबांनी पुन्हा विचारलं नाही. तसं विचारायची पद्धत नाही. सगळी ओळ थांबली. काकी कंबरेवर हात ठेवून माझ्याकडं बघत होती.

"ए बीए. हिकडं ये."

मी गेलो. ती चालायला लागली, मी मागं. काठावरच्या दोन आंब्यांच्या समोर येऊन थांबली.

"म्या तुला चावडीचा दगड कुठं सांगितला हुता?"

"इथंच. आंब्यांच्या मधोमध."

"हितं चुना हाय का?"

मी बघितलं. नव्हता. चुना तर पार तिकडं नाल्याच्या तोंडाला.

"आन् दगड बी न्हाई हितं," काकी म्हणाली. "हितं कायच न्हाई. ह्ये म्या फकस्त तुला सांगितलं हुतं. दुसऱ्या कुणाला न्हाई. तू फुटला असतास तर चुना हितं पडला असता."

मला आधी हायसं वाटलं आणि लगेच संताप आला. "म्हणजे तुम्ही मला खोटं सांगितलं?"

"मंग काय खरं सांगू? येडा हाय का तू?" आणि वळून ती ओरडली, असं की बगळे उडाले, "व्हय! हितंच! त्येचंच हाय!"

आबांनी श्वास सोडला तो मला लांबून दिसला. त्यांच्या खांद्यांवरून. मी परत आलो तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, पण आपल्या खिशातली तंबाखूची पुडी माझ्या हातात दिली. ती त्यांनी आधी कधी दिली नव्हती. आणि मी तर खातच नाही.

म्हणजे प्रत्येकानं मला वेगळं खोटं सांगितलं होतं. चावडी, बाजार, पाणवठा, सगळं. बी.ए. झालेल्या माणसानं गोळा केलेला गावाचा अख्खा इतिहास हा गावानं माझ्यावर लावलेला सापळा होता. यातलं खरं कुठलं, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. साहेबांना दूध पाजल्याची गोष्ट तरी खरी का, ते पण नाही.

हा विचार मी करतोय तोवर शेठ आपल्या पट्टीवर उभा राहिला. पिशवी खाली ठेवली, धोतराला हात पुसले.

"हितं माजं?"

चाचा गप्प.

शेठ हसला. "ओ चाचा, झोप लागली का?"

चाचा हसले नाहीत. ते नाल्याच्या तोंडाकडं बघत होते, चुन्याकडं. त्यांनी कुणाकडं बोट केलं नाही, काही सांगितलं नाही. पण सगळ्यांना कळलं. नाल्याचं तोंड चाचांनी सांगितलं होतं, आणि ते फक्त शेठला.

माझ्या तोंडून निघून गेलं, "चाचा, हॉटेलात दहा माणसं बसलेली असतात. कुणीही ऐकलं असेल."

चाचांनी माझ्याकडं वळून बघितलं. ड्रायव्हरची नजर, आरशातून मागचं सगळं बघणारी. "तुमी हुता का थितं, सर?"

पुन्हा 'सर'. मी थांबलो. आबांनी माझं मनगट धरलं आणि दाबलं.

आता शेठनं आबांकडं बघितलं. आत्ताच तर त्यानं आमच्यासाठी व्हय म्हटलं होतं, सगळ्यांच्या आधी. ओळीतले सगळे आबांकडं बघत होते. काकी पण. आबांनी खाली बघितलं, पायानं गाळाचं एक ढेकूळ फोडलं, दुसरं फोडलं. आणि बोलले नाहीत.

शेठनं पिशवी उचलली आणि वर गेला. वाटेत गूळ-शेंगदाणे घेऊन बसलेल्या पोरींनी हात पुढं केला, त्यानं काही घेतलं नाही.

घरी जाताना मी आबांना म्हणालो, "तुम्ही तरी म्हणायचं होतं. पट्टी तशीही मिळालीच नसती त्याला, चाचा गप्प होते म्हटल्यावर. निदान तुमचं म्हणणं राहिलं असतं."

"आन् माजं व्हय म्हणणं कुणी कुणी ऐकलं असतं, ते?" आबा म्हणाले. "आत्ता कुठं तुजं निभावलंय."

बियाणं फोडल्यावर ठेवता येत नाही, उन्हाळ्यात खवट होतं. शेठनं ते सगळं भाजलं, मीठ लावलं आणि दुसऱ्या दिवसापासून हॉटेलात चहाबरोबर फुकट ठेवायला लागला. स्टीलची थाळी, मधोमध ढीग. पहिल्या दिवशी कुणी हात लावला नाही. एकानं वास घेतला.

"औषध लावलेलं न्हाई ना रं शेठ? बियाण्याला लावत्यात."

"घरचं बेणं हाय."

"न्हाई, नुसतं इचारलं."

शेठनं थाळीतला एक दाणा उचलून तोंडात टाकला आणि सगळ्यांसमोर चावला. सगळे त्याच्या गळ्याकडं बघत राहिले, उतरतोय का ते. मग एक हात पुढं आला, मग दुसरा. त्या उन्हाळ्यात अख्ख्या गावानं शेठचे दाणे खाल्ले. चाचांनी पण. सुमोवाल्यानं पण, तो दाण्यांची तारीफ करायचा.

सुमोवाल्यानं पुढं कुंपण घातलं ते चुन्याच्या रेघेला धरून. रेघ चुकीच्या दगडापासून निघालेली, त्यामुळं खरी पाणंद कुंपणाच्या बाहेर राहिली. आजही गाव तिच्यावरूनच खाली उतरतो. म्हणजे शेठनं जर खरंच सांगितलं असेल, तर त्याच्या सांगण्यानंच पाणंद वाचली. मी हे एकदा काकीला म्हणून बघितलं. ती म्हणाली, "मंग त्येचा सत्कार करतूस का? शाळेत बोलाव."

पुढच्या वर्षी पाणी उतरलं आणि परत उभं राहायचा दिवस आला. वर्षभर आमच्या घरात एकच विषय होता, फक्त तो बोलला जात नव्हता. काकी व्हय म्हणेल, पण शेठ? ज्याच्या वेळी आपण गप्प राहिलो, तो आता आपल्यासाठी तोंड उघडेल का? आईनं त्याच्या हॉटेलात दूध घालायला सुरुवात केली होती, कपभर जास्तच मापून. आबा रोज स्टँडवर जाऊन त्याच्या बाकड्यावर बसायचे आणि काही न बोलता उठून यायचे. शेठ त्यांना चहा द्यायचा, बाकी सगळ्यांना देतो तसाच.

त्या सकाळी आबा सगळ्यांच्या आधी गाळात उतरले. ते आपल्या जागी उभे राहिले. खिंडीकडं बघितलं. मला त्यांनी या वेळी शेजारी उभं केलं होतं, खांद्याला धरून, बरोबर रेषेत. मग म्हणाले, "हितं माजं?"

काकी म्हणाली, "व्हय."

शेठ म्हणाला, "व्हय." लगेच. जराही न थांबता, नांगराच्या दांड्याला दोरी बांधता बांधता. शेठची वेळ आली तेव्हा चाचा पण व्हय म्हणाले आणि आबा तर शेठचं विचारून व्हायच्या आतच म्हणाले.

आम्ही वर निघालो. मी मोकळा झालो होतो, मला शीळ घालावीशी वाटत होती. आबा मधेच थांबले आणि वळून खाली बघत राहिले. शेठ बियाणं टाकत चालला होता, पाठमोरा.

"काय झालं आबा?"

"न्हाई," आबा म्हणाले, "येवडं लगीच कसं म्हणला त्यो?"